नोकरी सोडतानाचा अदब

मागच्या वर्षी 28 जानेवारीला इशाची नमाज पढून आम्ही चारठाण्यातल्या घरी परतलो, तोच भाच्याचा फोन आला. भाचा सौदीत एका भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत गणित शिकवायचा. चार वर्षे झाली होती. दोन वर्षांचा करार एकदा वाढवलेला, तो 31 मार्चला संपणार होता. इकडे आमच्या बाजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी परभणीला न्यावे लागत होते. घरात दुसरा मुलगा नाही. त्याने परत यायचे ठरवले होते.

"शाळेला सांगितलंस?" आम्ही विचारले.

"मामू, मुद्दत खतम हो रई, अब बोलने का क्या है? परीक्षा झाली की सुट्टीवर येतो आणि तिथूनच व्हॉट्सअ‍ॅप करतो."

आम्ही म्हटले, आधी करार काढ आणि मोठ्याने वाच. शेवटून दुसऱ्या पानावर अट निघाली: मुदत संपण्याच्या 60 दिवस आधी लेखी कळवले नाही, तर करार आणखी एक वर्ष वाढला असे समजले जाईल. बोटांवर हिशेब केला. 31 मार्चच्या 60 दिवस आधी म्हणजे 30 जानेवारी. हातात दोन दिवस होते.

वाचकहो, आपल्या अनेक घरांतली मुले-मुली आखातात शिकवतात. जाताना व्हिसा, तिकीट, पगार सगळे विचारून घेतो. परत कसे यायचे, हे मात्र कोणी विचारत नाही. सौदीत परदेशी माणसाचा करार मुदतीचा असतो. मुदत संपून तो संपणे वेगळे आणि मध्येच राजीनामा देणे वेगळे. फरक थेट पैशांत पडतो. तिथल्या कामगार कायद्यात सेवा संपल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार मिळतो, त्यापुढे दर वर्षाला पूर्ण महिन्याचा. पण दोन ते पाच वर्षांच्या नोकरीनंतर स्वतः राजीनामा दिला, तर त्यातला एक तृतीयांशच हाती येतो. भाच्याचा पगार 4,000 रियाल. करार रीतसर संपला तर चार वर्षांचे 8,000 रियाल, राजीनामा मानला गेला तर सुमारे 2,667. अमिरातीत 2021 चा कायदा वेगळा आहे. तिथे नोटीस 30 ते 90 दिवसांची असते. म्हणून शेजाऱ्याचा अनुभव ऐकावा, पण करार आपलाच वाचावा.

पैसा ही एक बाजू झाली. दुसरी सांगताना आम्हाला आजही लाज वाटते. बीएड झाल्यावर आम्ही एका खासगी शाळेत दहावीला मराठी शिकवत होतो. दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली आणि डिसेंबरात आम्ही न सांगता जाणे बंद केले. नियम आम्हाला माहीत होता. महाराष्ट्राच्या 1981 च्या खासगी शाळा नियमावलीत कायम शिक्षकाने तीन महिने आणि तात्पुरत्याने एक महिना आधी कळवायचे असते. आम्ही तात्पुरते होतो, म्हणून मनाला समजावले की कोण विचारतो. दोन वर्षांनी त्या वर्गातली एक मुलगी जिंतूरच्या बसस्टँडवर भेटली. सलाम करून म्हणाली, "सर, तुमच्यानंतर आम्हाला फेब्रुवारीपर्यंत कोणी शिकवलंच नाही." तक्रारीचा सूर नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागले.

सूरह माइदाची पहिलीच आयत करार पाळायला सांगते. आणि देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे, जी कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. आम्ही मुलांना हे शिकवत होतो, आणि स्वतःचा वादा आम्ही डिसेंबरात मोडला होता.

त्या रात्री फोनवरच पत्र तयार केले. चार वाक्ये पुरली: करार अमुक तारखेला संपतो, घरच्या कारणाने मी तो पुढे वाढवू इच्छित नाही, शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण काम करीन, हिशेब आणि अनुभवाचा दाखला मिळावा. शाळेबद्दल एकही कडू शब्द नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ईमेल केला, छापील प्रतही दिली आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. पोच नसलेले पत्र दिले काय आणि न दिले काय, सारखेच.

मुख्याध्यापक दोन दिवस नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, नवा शिक्षक येईल तेव्हा त्याला वर्ग समजावून देशील का? भाच्याने कोणता मुलगा कुठे अडतो, याची वहीच लिहून दिली.

शेवटच्या महिन्यात लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी अशा: अनुभवाचा दाखला सौदीत मोफत मिळणे हा हक्क आहे, तो तिथे असतानाच घ्या. करार संपल्यावर एका आठवड्यात हिशेब मिळायला हवा. रक्कम समजल्याशिवाय 'सर्व मिळाले' या कागदावर सही करू नका. पैसे जमा होईपर्यंत बँक खाते बंद करू नका. मोबाइल, वीज, कर्ज यांची बाकी फेडा. मुले तिथे शिकत असतील तर त्यांचे दाखले मागून ठेवा. परत जायचेच नाही, तर सुट्टीच्या व्हिसावर नव्हे, फायनल एक्झिटवर या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भाचा घरी आला. पूर्ण हिशेब मिळाला होता. त्यातून आधी दवाखान्याची उधारी फिटली. आता बाजीला परभणीला तोच नेतो. संध्याकाळी गावातल्या मुलांना गणित शिकवतो. तिकडच्या त्याच्या वर्गातली मुले ईदला त्याला अजून फोन करतात.

आपल्या घरातले कोणी बाहेर शिकवत असेल, तर आज रात्रीच्या फोनवर एवढे विचारा: तुझा करार कोणत्या तारखेला संपतो, आणि त्याच्या किती दिवस आधी कळवायचे आहे? उत्तर कॅलेंडरवर लिहून ठेवा.