चेक : बादशहाला दिलेला इशारा

‘बँकेचा चेक हा शब्द मुळात अरबी ‘सक्क’ आहे. म्हणजे चेक ही मुसलमानांनी जगाला दिलेली देणगी. अभिमानाने पुढे पाठवा.’ अशा आशयाचा मजकूर मोबाइलवर फिरतो आहे. दोन वाचक भगिनींनी तो पाठवून विचारले आहे की, हे खरे आहे का? मुलांना सांगावे का? प्रश्न चांगला आहे, म्हणून या महिन्याच्या सदरासाठी ‘चेक’ हाच शब्द घेऊ. उत्तर मात्र एका ओळीत देता येणार नाही. थोडा प्रवास करावा लागेल.

आधी हा शब्द आपल्या घरात किती ठिकाणी राहतो ते पाहा. अब्बांची लुंगी चेक्सची. अम्मीचे डॉक्टरांकडे चेकअप. मुलांच्या वह्या बाई चेक करतात. गाडीत तिकीट चेकर येतो. मुंबई-ठाण्याच्या सीमेवर मुलुंडचा चेकनाका. हॉटेलात चेक-इन, विमानतळावर चेकिंग, बँकेत चेक. लुंगीच्या चौकड्या, डॉक्टरांची तपासणी आणि बँकेचा कागद यांचा एकमेकांशी संबंध काय? वरवर काहीच नाही. पण ही सगळी एकाच घरची लेकरे आहेत, आणि ते घर आहे बुद्धिबळाचा पट.

चतुरंग ते शतरंज

हा खेळ हिंदुस्थानातला. त्याचे नाव चतुरंग, म्हणजे सैन्याची चार अंगे : हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ. इथून तो इराणात गेला. बादशहा नौशेरवानच्या दरबारात हिंदच्या राजाकडून हा पट कसा आला, याची कथा फिर्दौसीने ‘शाहनामा’त सांगितली आहे. फारसीत चतुरंगचे ‘चतरंग’ झाले. पुढे अरबांनी तो शिकला. अरबी लिपीत ‘च’ नाही आणि ‘ग’ही नाही, म्हणून ‘च’चा ‘श’ आणि ‘ग’चा ‘ज’ होऊन नाव पडले शतरंज. बगदादमध्ये या खेळाचे मोठे जाणकार झाले. दहाव्या शतकातले अस-सूली हे त्यांपैकी एक, आणि त्यांनी शतरंजवर ग्रंथही लिहिला.

(शतरंज खेळावा की नाही, याबद्दल उलमांमध्ये जुना मतभेद आहे. जुगार लावून खेळणे हराम, यावर मात्र एकमत आहे. तो मसला आपल्या आलिमांना विचारावा. इथे आपण फक्त शब्दाचा माग काढत आहोत.)

इराणी खेळाडूंचा एक शिष्टाचार होता. समोरच्याच्या राजावर हल्ला झाला की गुपचूप बसायचे नाही, मोठ्याने ‘शाह!’ म्हणायचे. म्हणजे, तुमचा बादशहा धोक्यात आहे, सांभाळा. अंदलुस आणि सिसिलीमार्गे खेळ युरोपात पोचला आणि त्याबरोबर ही हाकही गेली. लॅटिनमध्ये तिचे ‘स्काकुस’ झाले, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि साधारण १३०० च्या सुमारास इंग्रजीत ‘चेक’. बुद्धिबळाला इंग्रजीत ‘चेस’ म्हणतात, तोही त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आला. जर्मन भाषेत आजही खेळाचे नाव ‘शाख’ आहे. स्पॅनिश लोकांनी मात्र अरबी नाव अलिफ-लामसकट उचलले. अश-शतरंजचे झाले ‘अखेद्रेस’.

‘चेकमेट’ हा फारसी ‘शाह मात’. त्याचा अर्थ ‘बादशहा मेला’ असा पुष्कळदा सांगितला जातो, कारण अरबीत ‘मात’ म्हणजे मरण पावला. मौत, मय्यत आणि मराठीतला ‘मयत’ त्याच कुटुंबातले. पण या खेळात राजा कधी मरत नाही. तो कोंडला जातो आणि डाव संपतो. फारसीतल्या ‘मात’चा अर्थ हतबल, चकित, निरुपाय झालेला असा आहे, आणि बरेच अभ्यासक तोच अर्थ खरा मानतात.

थांबा, मग तपासा

राजाला ‘चेक’ मिळाला की खेळाडूचे बाकी सगळे बेत थांबतात. आधी राजा वाचवायचा, मग दुसरे. त्यामुळे इंग्रजीत ‘चेक’ म्हणजे अचानक बसलेला अडसर, लगाम, आवर असा अर्थ आला. राग आवरणे, घोडा रोखणे, सत्तेवर अंकुश ठेवणे या सगळ्यांसाठी हाच शब्द चालतो. एखाद्याला हिशेबात मनमानी करू द्यायची नसेल, तर त्याच्या आकड्यांवर अंकुश हवा, म्हणजे दुसऱ्या नोंदीशी ते ताडून पाहायला हवेत. असा ‘रोखणे’मधून ‘पडताळणे’ हा अर्थ निघाला. पडताळून झाले की खूण करतात, म्हणून अमेरिकेत बरोबरच्या खुणेलाही चेक म्हणतात. वह्या चेक करणाऱ्या बाई, तिकीट चेकर आणि डॉक्टरांचे चेकअप, ही सारी या शेवटच्या टप्प्यावरची मंडळी.

लुंगी दुसऱ्या दाराने आली. ज्या पटावर ‘चेक’ खेळतात त्या पटासारख्या चौकड्या असलेले कापड, ते चेक्सचे कापड.

हिशेबाचा पट

आता बँकेकडे वळू. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल वर्षातून दोनदा मोजला जाई. त्यासाठी एक मोठे मेज असे : लांबी दहा फूट, रुंदी पाच फूट आणि कडेला चार बोटे उंच काठ, म्हणजे वरच्या सोंगट्या खाली पडू नयेत. मेजावर रेघारेघांचे काळे कापड अंथरत. रेघांमधल्या एका पट्ट्यात पेनी, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, वीस पौंड, शंभर, हजार अशा जागा ठरलेल्या. रक्कम सांगतील तशा सोंगट्या मांडत आणि उचलत. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे फार जिकिरीचे, म्हणून ही युक्ती. (ज्यांना युरोप आजही अरबी अंक म्हणतो ते हिंदुस्थानी अंक तिथे रुळायला पुढे बराच काळ जावा लागला. त्यांची ओळख करून देणारे फिबोनाचीचे पुस्तक १२०२ सालचे, आणि तो ते अंक आजच्या अल्जेरियातल्या बिजाया बंदरात शिकला होता.)

ते मेज बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे, म्हणून त्याला आणि मग त्या कचेरीलाच ‘एक्सचेकर’ म्हणू लागले. रिचर्ड फिट्झनील या राजाच्या खजिनदाराने ११७७ च्या सुमारास या कचेरीवर ग्रंथ लिहायला घेतला. त्यात त्याने म्हटले आहे की इथेही शतरंजसारखीच लढाई चालते, एका बाजूला खजिनदार आणि दुसऱ्या बाजूला हिशेब द्यायला आलेला शेरीफ. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात. त्या पदनामात एक इराणी ‘शाह’ लपून बसला आहे.

आणि मग बँकेचा चेक. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये पैशांच्या हुंडीचा जो अर्धा तुकडा ताडून पाहण्यासाठी जवळ ठेवत, त्याला ‘चेक’ म्हणत. खोट्या कागदांना आळा बसावा, हा हेतू. पुढे हे नाव तुकड्यावरून मूळ कागदावर गेले. एक्सचेकरच्या स्पेलिंगची छाया पडून इंग्रजांनी त्याचे स्पेलिंग वेगळे केले, अमेरिकन लोकांनी साधेच ठेवले. आपल्याकडे १८८१ च्या कायद्यात इंग्रजांचेच स्पेलिंग आहे. नावातच ‘पडताळणी’ असलेला हा कागद आपण पुष्कळदा न पडताळता देतो. सही केलेला कोरा चेक घरात पडू देऊ नये, कोणाच्या हाती तर मुळीच देऊ नये. आणि चेकची मुदत तारखेपासून तीन महिनेच असते, हे घरातल्या बायकांनाही ठाऊक असावे.

मग ‘सक्क’चे काय?

सक्क खरा आहे. अरबीत सक्क म्हणजे लेखी दस्त, पैसे देण्याचा लेखी आदेश. दहाव्या शतकातले प्रवासी व भूगोलकार इब्न हौकल यांनी सहाराच्या पलीकडच्या अवदगुस्त शहरातल्या एका व्यापाऱ्यावरच्या सक्कची नोंद केली आहे, रक्कम ४२,००० दिनार. सोन्याच्या थैल्या उंटावर लादून वाळवंट ओलांडण्याऐवजी कागदावर विश्वास ठेवणारे व्यापारी त्या काळी होते, आणि ही मोठीच गोष्ट आहे. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, ही ताकीद कुरआनच्या सर्वांत दीर्घ आयतीत, सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, हे लक्षात घेतले तर नवलही वाटत नाही.

पण सक्क आणि चेक हे शब्द कानाला जवळचे वाटतात म्हणून एकातून दुसरा निघाला, असे म्हणता येत नाही. इंग्रजी शब्दाचा माग टप्प्याटप्प्याने पटापर्यंत, एक्सचेकरपर्यंत आणि पडताळणीच्या तुकड्यापर्यंत लागतो. कान फसवतो, याची उदाहरणे घरातच आहेत. मराठी ‘शहाणा’ हा ‘शाह’वरून आलेला नाही. तो उर्दू ‘सयाना’चा भाऊ, संस्कृत ‘सज्ञान’च्या घरचा. इंग्रजी ‘शेरीफ’ ऐकून आपल्याला ‘शरीफ’ आठवतो, पण तो जुन्या इंग्रजीत परगण्याचा कारभारी या अर्थाच्या दोन शब्दांचा जोड आहे.

म्हणजे त्या मजकुराचे उत्तर असे : पैसे देण्याचा लेखी आदेश मुसलमान व्यापारी वापरत होते, हे खरे. चेक हा शब्द सक्कवरून आला, हे तसे सिद्ध होत नाही. तो आला ‘शाह’वरून, आणि तोही अरबांच्या हातूनच युरोपला मिळाला. खरी गोष्ट बनवलेल्या गोष्टीपेक्षा कमी मोलाची नाही. उलट तीत हिंद, इराण, अरब आणि युरोप सगळ्यांचा वाटा आहे. आणखी एक गंमत अशी की आज अरबीत बँकेच्या चेकला ‘शीक’ असेही म्हणतात. पूर्वेकडून गेलेला शब्द परदेशी कपडे घालून घरी परतला आहे.

आपल्या दोन भाषांत

उर्दू आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या घरांना या शब्दाची एक मौज इतरांपेक्षा जास्त कळेल. मराठी वर्तमानपत्रात ‘विरोधकांना शह दिला’ असे छापून येते, तेव्हा त्यांचा डाव रोखला, असा अर्थ असतो. उर्दूत ‘शह देना’ म्हणजे पाठबळ देणे, चिथावणे. पटावरची हाक एकच, पण एका भाषेत तिने अडवले आणि दुसऱ्या भाषेत चढवले. उर्दू माध्यमातून मराठी शाळेत आलेली मुले इथे हटकून अडखळतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. मराठीने तर पुढे जाऊन ‘काटशह’ हा स्वतःचा शब्द घडवला. ‘आजारावर मात केली’ म्हणताना आपण शतरंजचीच भाषा बोलतो.

‘शह’, ‘मात’ हे शब्द परके आहेत, ते मराठीतून काढावेत, असे कधी कधी ऐकू येते. मुलांच्या कानावर ते पडते, आणि आपल्या घरची बोली म्हणजे काहीतरी उपरी गोष्ट, असे त्यांना वाटू लागते. त्यांना सांगावे की फारसी ‘शाह’ आणि संस्कृत ‘क्षत्र’ हे एकाच प्राचीन मुळाचे फाटे आहेत. आणि हेही सांगावे की मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पीरांच्या नावावरून आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. ज्या मातीने हे नाव शिवरायांच्या वडिलांना दिले, तिथे हा शब्द परका कसा?

राहिला तो ‘पुढे पाठवा’चा प्रश्न. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत, बेभरवशाच्या माणसाने खबर आणली तर तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, अशी ताकीद आहे. ती वाईट बातमीपुरतीच आहे, असे आपण समजतो. आपली स्तुती करणारी खबर आली की पडताळणी विसरतो. पण असा एक खोटा दावा पुढे गेला आणि कुणी तो खोडून काढला, तर त्याच्याबरोबर इब्न हौकलची खरी नोंदही लोक थट्टेवारी नेतात. नुकसान आपलेच होते, आणि आपल्या मुलांचे. त्यांना वर्गात अशी गोष्ट सांगता आली पाहिजे, जी सांगताना मान खाली घालावी लागणार नाही.

मुलांसाठी या महिन्याचे काम : घरातल्या बोलण्यात ‘शाह’ दडलेले पाच शब्द शोधा. बादशहा आणि शहजादा सोडून! आजी-नानींना विचारा. प्रत्येक शब्दापुढे तो कोणाकडून ऐकला ते लिहा आणि मग शब्दकोशात पडताळा. दिसायला सारखा पण मुळाचा वेगळा एखादा सापडला तर जास्त छान. वह्या पाठवा. इन्शाअल्लाह, आम्ही त्या चेक करू!