टकल्या एजंट आणि आपल्या गल्लीतल्या काकू

मंडळी, या शनिवार-रविवारचा विषय आहे खेळ. पण क्रिकेट नाही, संगणकावरचा. नाकं मुरडणाऱ्यांनी आत्ताच चहा टाकायला उठावं, बाकीच्यांनी बसा :)

स्टेल्थ गेम म्हणजे लपतछपत काम साधायचा खेळ. कोणाला दिसायचं नाही, ऐकू जायचं नाही, काम उरकलं की गुपचूप सटकायचं. या जातीतला ‘हिटमॅन २’ नोव्हेंबर २०१८ मध्ये आला आणि त्यातली एक अख्खी मोहीम मुंबईत घडते. २०२३ पासून या मालिकेतले तिन्ही नवे भाग ‘हिटमॅन वर्ल्ड ऑफ असॅसिनेशन’ या एकाच नावाखाली मिळतात, मुंबईही त्यातच आहे. बनवणारे लोक डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचे, कंपनीचं नाव आयओ इंटरअ‍ॅक्टिव्ह. कोपनहेगनमध्ये बसून कोणी मुंबई उभी करत असेल, तर इकडून एका वर्धेकराने त्यावर दोन शब्द बोलायला हरकत नसावी.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. ‘ओपन वर्ल्ड’ म्हटलं की जीटीएसारखं गाडी घेऊन कुठेही भटकता येणारं शहर डोळ्यांसमोर येतं. हिटमॅन तसा नाही. त्यात प्रत्येक मोहिमेला एक स्वतंत्र, पण पूर्ण मोकळा नकाशा असतो. कुठून शिरायचं, काय करायचं, कुठून पळायचं हे सगळं तुमच्यावर. मुंबईच्या नकाशात चाळी आहेत, धोबीघाट आहे, रेल्वेचं जुनं यार्ड आहे, आणि दाऊद रंगन नावाच्या सिनेनिर्मात्याचा अर्धवट बांधलेला टॉवर आहे, ज्यात शूटिंग चालू आहे. लक्ष्यं तीन. हा रंगन, यार्डात राणीसारखी राहणारी वान्या शाह, आणि ‘मेलस्ट्रॉम’ नावाचा जुना समुद्री चाचा. या तिसऱ्याचा चेहराच कोणाला माहीत नाही, त्यामुळे आधी तो कोण हे शोधा, मग पुढचं. त्याचं खरं नाव वझीर काळे. डॅनिश लोकांना ‘काळे’ कुठे सापडले कोण जाणे!

आता जमेच्या बाजू.

पहिली बाजू म्हणजे रचना. या नकाशातला जवळजवळ प्रत्येक माणूस ठरलेल्या चक्रात फिरतो. हा इथून तिथे जातो, बिडी ओढतो, परत येतो. वेगवेगळी चक्रं एकमेकांना कुठे छेदतात हे शोधणं हाच खरा खेळ. कोड लिहिणाऱ्या माणसाला हे लगेच भिडतं. दुसऱ्याने लिहिलेली प्रणाली तासभर नुसती निरखायची आणि त्यातली फट शोधायची. आपण रोज डिबगिंग करतो ते वेगळं काय असतं? फरक एवढाच की इथे मॅनेजर दर अर्ध्या तासाने स्टेटस विचारत नाही.

दुसरी, संयमाला किंमत आहे. ‘सायलेंट असॅसिन’ हा सर्वोच्च शेरा मिळवायचा तर लक्ष्याखेरीज कोणाला मारायचं नाही, मृतदेह सापडू द्यायचा नाही, कोणाच्या नजरेत यायचं नाही. म्हणजे हातात बंदूक असूनही गोळी झाडणारा कच्चा खेळाडू ठरतो. हे मला फार आवडतं.

तिसरी आणि सगळ्यात मोठी बाजू म्हणजे वेषांतर. आपला एजंट ४७ गोरा, टकला, डोक्याच्या मागे बारकोड गोंदवलेला. पण तो न्हाव्याचे कपडे घालतो आणि न्हावी होतो. शिंप्याचे घातले की शिंपी, धोब्याचे घातले की धोबी. मेलस्ट्रॉमच्या गळ्यावर वस्तरा धरला तरी गिऱ्हाईक मजेत डोळे मिटून बसलेलं! ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाहिस्तेखानाची बोटं छाटली, तेव्हा त्यांची माणसं लग्नाच्या वरातीच्या मिषाने पुण्यात शिरली असं सांगतात. वरात दिसली की पहारेकरी वरातच बघतो, त्यातली माणसं मोजत नाही. हिटमॅनचं सगळं गणित याच एका निरीक्षणावर उभं आहे.

आता खटकणाऱ्या गोष्टी.

एक, हा एकट्याने खेळायचा खेळ, पण त्याला सतत कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं राहावं लागतं. नेट गेलं की आव्हानं बंद, नवी हत्यारं मिळणं बंद, आणि ऑनलाइन असताना केलेला सेव्ह ऑफलाइन उघडतसुद्धा नाही. कोपनहेगनमध्ये हे चालत असेल, पण पावसाळ्यात वीज आली-गेली की राउटरही आला-गेला, अशा ठिकाणी हा शुद्ध छळ आहे. पैसे मोजून घेतलेला खेळ आपला की त्यांचा, हा प्रश्न फक्त माझा नाही. २०२१ मध्ये या मालिकेतला पहिला भाग गॉग या दुकानात विकायला आला, तेव्हा ग्राहकांनी याच मुद्द्यावर एवढी ओरड केली की दुकानाला तो मागे घ्यावा लागला.

दोन, पहारेकऱ्यांची स्मरणशक्ती. संशय आला की धावाधाव करतात आणि थोड्या वेळात सगळं विसरून आपल्या चक्रावर परत. इथे ‘मेटल गिअर सॉलिड ५’ (२०१५) कितीतरी पुढे आहे. त्यात तुम्ही सारखे डोक्यावर नेम धरलात तर शत्रू पुढच्या वेळी हेल्मेट घालून येतो. तो तुमच्याकडून शिकतो. त्याचं विस्तीर्ण जग बरंचसं रिकामं आहे हे खरं, पण त्या रिकाम्या जगातला शिपाई हिटमॅनच्या भरगच्च मुंबईतल्या गुंडापेक्षा हुशार आहे.

तीन, भाषा. मुंबईत सगळी पात्रं इंग्रजीत बोलतात. चाळीत दोन माणसं आपापसात गप्पा मारताहेत, त्याही इंग्रजीत. तरी ही मालिका सुधारली आहे असंच म्हणायला हवं. २००२ च्या ‘हिटमॅन २: सायलेंट असॅसिन’मध्ये (नावात गोंधळ आहे, हो) पंजाबातल्या दृश्यांवर शीख समाजाने तीव्र आक्षेप घेतला होता आणि प्रकाशकांना बदल करावे लागले होते. त्यामानाने ही मुंबई पुष्कळ प्रेमाने बनवली आहे. पण वस्तीतले लोक इथेही नेपथ्यच. ते असतात ते एजंटला गर्दीत लपता यावं म्हणून.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा येतो.

खेळात काही लोकांच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो. म्हणजे हा माणूस तुमचं सोंग ओळखू शकतो, याच्यापासून दूर राहा. असे लोक थोडेच असतात, बहुतेक त्याच कामातले मुकादम वगैरे. आता हा नियम घेऊन वर्ध्याच्या रामनगरात किंवा आर्वीच्या एखाद्या गल्लीत या. अनोळखी माणूस वळणावर दिसला की ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या काकू मान वर करणार. “कोणाकडे आले जी?” नाव सांगितलं तर आडनाव, आडनाव सांगितलं तर गाव, “म्हणजे देवळीचे की पुलगावचे?” आणि मग पाणी. एजंट ४७ ची मोहीम तिथेच संपली, शिवाय जेवूनच जावं लागलं असतं! आपल्या गल्लीत प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरा ठिपका आहे. खऱ्या चाळीतही तेच. त्यामुळे चाळीत कपडे बदलून खपून जाणं ही या खेळातली सगळ्यात मोठी थाप आहे.

असं मी बरेच दिवस मित्रांना सांगत होतो. तेव्हा हिंजवडीत राहणारा एक मित्र म्हणाला, “आमच्या सोसायटीत ये. लाल टीशर्ट घाल, हातात पार्सल धर, बाराव्या मजल्यापर्यंत तुला कोणी नाव विचारणार नाही.” बरोबर आहे की! गेटवरचा माणूस टीशर्ट बघतो, अ‍ॅपवर बोट दाबतो, झालं. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे आपल्याला माहीत नाही, आणि आपण कोण हे त्यांना. हिटमॅनने चाळ चुकीची रंगवली, पण आपल्या टॉवरचं चित्र अगदी हुबेहूब काढलं.

हे वाईटच आहे असं मी म्हणत नाही. काकूंच्या त्या ठिपक्याचा जाच ज्यांनी सोसलाय, विशेषतः मुलींनी, त्यांना विचारा. रात्री उशिरा आलं तर प्रश्न, मित्र सोडायला आला तर प्रश्न. कोणी न बघणं हे मोठं स्वातंत्र्य आहे आणि आपल्यापैकी कित्येकजण त्यासाठीच शहरात आले. पण नजर नसण्याची किंमतही असते. दार तीन दिवस उघडलं नाही तर ते कोणाच्या लक्षात येणार? दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत, आणि आपण बहुतेकांनी हा सौदा न मोजताच करून टाकलाय.

असो. खेळ घ्यावा का? घ्या. पाचपैकी चार गुण, एक गुण त्या सर्व्हरच्या जाचाबद्दल कापला. खेळताना मार्गदर्शनाच्या खुणा तेवढ्या बंद करा, नाहीतर खेळ बोट धरून तुम्हाला शेवटापर्यंत नेईल आणि निरखण्यातली सगळी मजा जाईल. आणि हो, खेळून झालं की समोरच्या फ्लॅटची बेल वाजवून नाव विचारून घ्या. बघा, सायलेंट असॅसिन होण्यापेक्षा अवघड जातं ते.