सवाब आणि हिस्सा

रमजानचा सतरावा रोजा आला की बद्रच्या लढाईची आठवण निघते. हिजरी सन 2, म्हणजे इसवी सन 624 मधली ही लढाई. त्या लढाईला न गेलेल्या एका माणसाची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कन्या हजरत रुकय्या त्या वेळी आजारी होत्या. त्यांचे पती हजरत उस्मान (रजि.) यांना प्रेषितांनी पत्नीच्या शुश्रूषेसाठी मदिनेतच थांबायला सांगितले. विजयाची बातमी पोहोचली तेव्हा रुकय्या हयात नव्हत्या. परंतु लढाईत उतरलेल्यांना जे मिळाले, ते उस्मान यांनाही मिळाले. सवाब, म्हणजे पुण्यही, आणि हाती आलेल्या मालातला हिस्साही.

मला यातला 'आणि' महत्त्वाचा वाटतो. आजाऱ्याच्या उशाशी बसलात, तुम्हाला पुण्य लागेल, असे म्हणून त्यांचा हिस्सा कोणी कापला नाही. आपल्याकडे नर्सिंग म्हटले की 'सेवा' हा शब्द लगेच येतो, आणि तो बहुधा पगाराची गोष्ट निघाली की येतो.

आमच्या महाविद्यालयातून बारावी झालेल्या बऱ्याच मुली आता जीएनएम करतात. तीन वर्षांचा हा अभ्यासक्रम कला शाखेच्या मुलींनाही खुला आहे, त्यामुळे माझ्या वर्गातल्या मुली तिकडे वळतात. त्यांतल्या काही दिवसा वर्ग आणि वॉर्डातले पोस्टिंग करतात, आणि रात्री एखाद्या खासगी रुग्णालयात किंवा ब्युरोमार्फत कोणाच्या घरी सहाय्यक म्हणून काम करतात. वडील रिक्षा चालवतात किंवा यंत्रमागावर असतात. फी भरायची असते. धाकटी भावंडे शिकत असतात.

हे काम मुलींनी करूच नये, असे माझे म्हणणे नाही. उलट त्यातून चांगली नर्स घडते. सहाय्यक करते काय? रुग्णाची कूस बदलते, अंग पुसते, बेडपॅन देते, भरवते, लघवीची पिशवी रिकामी करण्याआधी माप लिहून ठेवते. लोकांना हे हलके काम वाटते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग 1973 पासून 2015 पर्यंत, सुमारे 42 वर्षे, अंथरुणावर होत्या आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांना बेडसोर होऊ दिला नाही, याचे देशभर कौतुक झाले. त्या कौतुकाच्या मुळाशी हेच हलके काम आहे. रोज, वेळेवर, न कंटाळता बदललेली कूस. रात्रभर हे करणारी मुलगी माकडहाडावरची लाली जखम होण्याआधी ओळखायला शिकते. बोलू न शकणाऱ्या म्हातारीला तहान लागली आहे की दुखते आहे, हे तिला चेहऱ्यावरून कळू लागते. वर्गात मिळणारे ज्ञान याला पूरक असते, पर्याय नसतो.

अमेरिकेत शिकता शिकता 'नर्सिंग असिस्टंट'चे काम करणे ही अगदी रूढ वाट आहे. तिथल्या 1987 च्या केंद्रीय कायद्याने नर्सिंग होममधल्या सहाय्यकांना किमान 75 तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. नर्सिंगची विद्यार्थिनी सहाय्यक म्हणून ड्युटीवर असते तेव्हा ती सहाय्यकच असते. कॉलेजच्या पोस्टिंगमध्ये शिक्षिकेच्या देखरेखीखाली ती इंजेक्शन देते, पण रात्रीच्या नोकरीत नाही. हात शिकलेला असला तरी तो अधिकार त्या नोकरीत नसतो.

आपल्याकडे ही रेघच पुसलेली असते. सहाय्यक म्हणून घ्यायचे, पांढरा कोट द्यायचा, आठवडाभरात सलाईन लावायला सांगायचे आणि रुग्णाच्या नातेवाइकांनी 'सिस्टर' म्हटले की गप्प राहायचे. कारण हिशेबाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान 20 हजार रुपये मिळावेत, अशी शिफारस केली. त्यापेक्षा दुसऱ्या वर्षाची मुलगी स्वस्त पडते. 'शिकायला मिळतंय ना तुला?' हे वाक्य पगाराचा भाग म्हणून वापरले जाते. काही चुकले तर मात्र महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी नसलेली ही मुलगी एकटीच उभी असते.

दुसरा प्रश्न झोपेचा. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत 80 टक्के हजेरी लागते आणि प्रमाणपत्र मिळण्याआधी प्रात्यक्षिकाचे सगळे दिवस पूर्ण करावे लागतात. बुडालेले पोस्टिंग भरून द्यावे लागते. म्हणजे रात्रभर जागलेली मुलगी सकाळी पुन्हा वॉर्डातच उभी. यात तिच्याइतकाच धोका तिच्यासमोरच्या रुग्णालाही आहे. रमजानमध्ये तर सहरी ड्युटीवर होते, रोजा पोस्टिंगमध्ये जातो आणि इफ्तारला खजूर तोंडात टाकून ती पुन्हा ड्युटीला निघते. सोबतच्या मुली तेवढी दहा मिनिटे तिचे रुग्ण बघतात. दिवाळीत ही त्यांची रात्र घेते. त्याची बातमी होत नाही, व्हायची गरजही नाही.

(आमच्याच समाजातली एक गोष्ट इथे सांगून टाकते. आजारपणात उशाशी 'अपनी' नर्स हवी असे म्हणणारी घरे स्थळ बघताना मात्र विचारतात, 'मुलगी रात्रपाळी करते का?')

कॉलेजांनी या नोकरीकडे काणाडोळा करणे थांबवावे. पहिले वर्ष अजिबात नको. नंतर आठवड्यातून दोन रात्री, तेही दुसऱ्या दिवशी पोस्टिंग नसेल तर. रुग्णालयाने लेखी द्यावे की तिच्याकडे कोणते काम आहे आणि कोणते नाही, आणि त्याचे पैसे किती. हे फार अवघड नाही. फार तर एका पानाचा कागद होईल.

शहरातल्या सर्व वाचकांना एक विनंती. आपला माणूस रुग्णालयात असेल तेव्हा बिलाइतक्याच आग्रहाने विचारा, की रात्री नोंदणीकृत नर्स कोण आहे. आणि सहाय्यक मुलीला तिच्या कामाबाहेरचे काम सांगू नका. 'जरा इंजेक्शन देऊन टाक गं' असे आपणच म्हणत असतो.

जकात देणाऱ्यांशी वेगळे बोलायचे आहे. वर्षाच्या शिल्लकीवर अडीच टक्के जकात आपण बहुधा याच महिन्यात काढतो. काही रुग्णालयांचे मालकही काढतात, आणि रेशनचे किट कामावरच्या मुलींच्या हाती देऊन मोकळे होतात. मजुरीच्या देण्यातून जकात वळती होत नाही, हे कोणतेही मौलाना सांगतील. आधी पगार पुरता द्यावा, जकात नंतर. बाकीच्यांनी ओळखीतल्या एखाद्या गरजू मुलीची वर्षाची फी उचलावी, म्हणजे ती फीसाठी सहा रात्री जागण्याऐवजी शिकण्यासाठी दोनच रात्री जागेल. जकात घेणाऱ्याच्या मालकीची व्हावी लागते, म्हणून रक्कम तिच्याच खात्यात जमा करा. फी तिला स्वतः भरू द्या. आणि पैसे देताना फोटो काढू नका.