मान अचानक वाकडी झाली? आधी गोळीचं पाकीट शोधा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील नागरिकहो,

पावसाळ्यात घरोघरी उलट्या-मळमळ सुरू होते. लोकल चुकू नये म्हणून डॉक्टरला टाळून मेडिकलमधून ‘उलटीची गोळी’ आणली जाते. बहुतेकांना तिने बरं वाटतं. मात्र मेटोक्लोप्रामाइड (पेरिनॉर्म) किंवा प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल) घेतल्यावर क्वचित एखाद्याचे स्नायू आपोआप आखडतात. मान एका बाजूला ओढली जाते, डोळे वर चढून तिथेच थांबतात, जबडा आवळतो, जीभ वळत नाही.

ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं काम अडवतात, म्हणून हा प्रकार होतो. लहान मुलं आणि तरुण, त्यातही मुली, यांना धोका अधिक. त्रास बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत, कधी पहिल्याच डोसनंतर होतो. हॅलोपेरिडॉलसारख्या मानसोपचाराच्या औषधांनीही तो होऊ शकतो.

रुग्ण शुद्धीवर असतो, सगळं ऐकत असतो. तरीही घरचे मिरगी समजून कांदा हुंगवतात, ‘बाहेरचं’ म्हणून अंगारा लावतात, नाहीतर ‘नाटक करते’ म्हणून दटावतात. खरं तर योग्य इंजेक्शन मिळालं की बहुधा अर्ध्या तासात आराम पडतो.

म्हणून कळकळीची विनंती:

१. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढचा डोस देऊ नका. मानसोपचाराची औषधं मात्र परस्पर कायमची बंद करू नका.

२. रुग्णाला घेऊन लगेच कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर किंवा जवळचं कोणतंही रुग्णालय गाठा. श्वास अडकत असेल तर १०८ ला फोन करा.

३. गोळीचं पाकीट आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या. निदान त्यावरून पटकन होतं.

४. आवळलेल्या तोंडात चमचा, पाणी, गोळी काहीही घालू नका.

मेडिकल दुकानदारांनो, ही औषधं चिठ्ठीशिवाय देऊ नका. डॉक्टरांनो, युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्येच मेटोक्लोप्रामाइड जास्तीत जास्त पाच दिवस आणि एक वर्षाखालील बाळांना मुळीच नको, असं बजावलं आहे. तरुण रुग्णांना हे औषध देताना या त्रासाची कल्पना द्या.

असा त्रास झाला तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवा. औषधाचं नाव घरच्या फाइलवर ठळक लिहून ठेवा आणि पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ते आधी सांगा.