बंडगार्डन रोड : आधी पाणी, मग बाग

पुण्याच्या बंडगार्डनला पहिल्यांदा जाणारी मुलं हमखास विचारतात, "इथे कुणी बंड केलं होतं?" प्रश्न गोड आहे, पण या नावात बंडखोरी नाही, बंधारा आहे. 'बंध' किंवा 'बांध' या आपल्याच शब्दाचा साहेबाने 'बंड' केला आणि आपण तो तसाच परत घेतला.

गोष्ट सुरू होते ती पाण्यापासून. १८५० च्या सुमारास मुळा-मुठेवर इथे दगडी बंधारा उभा राहिला. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा उचलला सर जमशेटजी जीजीभॉय यांनी. मुंबईचं जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कला महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, तेच हे दानशूर पारशी व्यापारी. अडवलेलं पाणी लोकवस्तीला मिळावं, हा हेतू होता. म्हणजे हा परिसर आधी गरजेचा झाला आणि देखणा नंतर!

बंधाऱ्यामुळे नदीचं पात्र वरच्या बाजूला संथ आणि भरलेलं राहू लागलं. संथ पाणी, गार वारा, काठावरची झाडी. मग लोक फिरायला येणारच. काठावर बाग फुलली, नावा चालू लागल्या आणि बागेकडे नेणाऱ्या रस्त्याला तिचंच नाव मिळालं. आज बागेचं नाव महात्मा गांधी उद्यान आहे, पण रिक्षावाल्या काकांना 'बंडगार्डन' म्हटलं की लगेच कळतं.

१८५८ मध्ये पुण्यात रेल्वे आली. स्टेशनकडून नदी ओलांडून नगरकडे जायला पक्की वाट हवी होती. १८६७ मध्ये बंधाऱ्याजवळ कमानींचा दगडी फिट्झगेराल्ड पूल बांधला गेला. नाव तेव्हाच्या मुंबईच्या गव्हर्नरांचं, आराखडा लष्करी अभियंता कॅप्टन सेलन यांचा. पुलाच्या टोकांवरचे सिंह पाहायला विसरू नका. १९६१ मध्ये पानशेतचं धरण फुटलं, पुण्यात हाहाकार उडाला, पण त्या पुरातूनही हा पूल तरला. नंतर शेजारी नवा पूल झाला आणि जुन्याला वाहनांच्या ओझ्यातून सुटका मिळाली.

पूल ओलांडला की हीच वाट गंभीर होते. पलीकडे येरवडा तुरुंग. तिथेच १९३२ मध्ये गांधीजींचं उपोषण झालं आणि पुणे करार झाला. नगर रस्त्याने थोडं पुढे आगाखान पॅलेस. १९४२ च्या आंदोलनात गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई तिथे नजरकैदेत होते. महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी गेले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी. दोघांच्या समाध्या तिथेच आहेत. एका टोकाला हवा खायची बाग, दुसऱ्या टोकाला कैद. दोन्ही एकाच वाटेवर.

आणि आज? नदी दिसते, पण सांडपाण्यामुळे तिच्याजवळ थांबवत नाही. महापालिकेने ४४ किलोमीटर नदीकाठ सुधारण्याचा प्रकल्प हाती घेतला. २०२२ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि सुरुवातीच्या कामांत बंडगार्डनचा काठही आला. चालायला सुंदर वाटा हव्यातच. पण त्यासाठी जुनी झाडं जाणार म्हटल्यावर २०२३ मध्ये पुणेकर रस्त्यावर उतरले. पलीकडच्या काठावर डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, तिथल्या पाखरांना फरसबंदीपेक्षा झाडंझुडपं आणि चिखलाचा काठ जास्त मोलाचा.

या वादात बंडगार्डनचाच इतिहास वाट दाखवतो. इथे आधी पाण्याची सोय झाली, मग बाग आली, मग रस्त्याला नाव मिळालं. हा क्रम उलटा करून चालणार नाही. पाणी स्वच्छ झालं, तर काठ आपोआप माणसांनी भरेल. पाणी घाणच राहिलं, तर कितीही देखण्या बाकावर कोण बसणार?

पुण्याला गेलात तर मुलांना घेऊन त्या जुन्या पुलावर जरूर चालून या. सिंह दाखवा, बंधारा दाखवा. आणि 'बंड' कुणी केलं हा प्रश्न आलाच, तर नदीची ही गोष्ट सांगा.