गुडघ्यातली अक्कल

उंच माणसाची अक्कल गुडघ्यात असते, असे आपल्याकडे थट्टेने म्हणतात. ही म्हण कुणा बुटक्याने रचली असावी, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. बुटक्यांच्या समाधानासाठी ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ अशी दुसरी म्हण आहेच. पण तिच्यातल्या त्या ‘पण’मध्ये सगळी मेख आहे. लहान मूर्तीला कीर्ती मिळणे हे नवलच, असे तो ‘पण’ हळूच सुचवून जातो. मोठ्या मूर्तीच्या कीर्तीला कुणी ‘पण’ लावीत नाही.

हा ‘पण’ मला या वर्षी आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात भेटला. जिमखान्याच्या समितीवर मराठीचा प्राध्यापक कशाला, असे कुणी विचारील. वार्षिक अहवाल शुद्ध लिहावा लागतो, एवढेच त्याचे कारण. बास्केटबॉलचा संघ निवडावयाचा होता आणि समितीत सरळ दोन तट पडले. एकाचे म्हणणे, उंच मुले आधी घ्या. चेंडू टिपणे, फेकणे, पळणे हे सारे शिकवता येते, उंची शिकवता येत नाही. दुसऱ्याचे म्हणणे, ज्याची धुळाक्षरे पक्की तोच खेळाडू. बाकीचे नुसते खांब. आमचा धाराशिव जिल्हा काही ताडमाड माणसांसाठी प्रसिद्ध नाही. त्यामुळे वाद जोरात झाला.

उंचीवाल्यांची बाजू लंगडी आहे, असे मात्र कुणी समजू नये. बास्केटबॉल हा खेळ जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी काढला. व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला त्याने पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून टोपली दहा फुटांवर गेली आणि तिच्या जागी आलेले लोखंडी कडे आजही तितक्याच उंचीवर आहे. एका इमारतीच्या सुताराने जगभरच्या खेळाडूंचे नशीब ठरवले म्हणा ना! कडे वर असल्यावर वर पोचणाऱ्याचा फायदा होणारच. तो इतका झाला की, उंचांना आवरण्यासाठी नियम करावे लागले. 1967 साली अमेरिकेतल्या कॉलेजांच्या सामन्यांत चेंडू वरून कड्यात कोंबण्यावर बंदी आली. ल्यू अल्सिंडर या सात फुटांहून उंच विद्यार्थ्याने नुकताच आपला पहिला हंगाम गाजवला होता. ही बंदी 1976 साली उठली; तोवर अल्सिंडर करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगप्रसिद्ध झाला होता. ज्या गुणाविरुद्ध कायदा करावा लागतो, त्याला क्षुल्लक कसे म्हणावे?

पण आता त्याच कॉलेजची दुसरी गोष्ट पाहा. अल्सिंडर ज्या लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात खेळला, तिथे जॉन वुडन नावाचे गुरुजी होते. बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या संघांनी मिळवली. त्यांतले पहिले 1964 सालचे. त्या वर्षी संघाने तीसच्या तीस सामने जिंकले, आणि सुरुवातीला उतरणाऱ्या पाचांपैकी एकही जण साडेसहा फुटांचा नव्हता! आपल्या एस.टी.त त्यांनीही डोके आपटून घेतले असते, हे खरे. पण त्या खेळाच्या दुनियेत ती ठेंगणी मंडळी. पुढे 1967, 68 आणि 69 साली उंच अल्सिंडरला घेऊन त्याच गुरुजींनी ओळीने तीन विजेतेपदे मिळवली. म्हणजे बुटक्यांकडूनही जिंकले आणि उंचांकडूनही. मग दोन्हीकडे समान काय होते? तर मोजे. सरावाच्या पहिल्या दिवशी वुडन मुलांना मोजे कसे चढवावेत, बूट कसे बांधावेत, हे शिकवीत. मोज्याला सुरकुती पडली की पायाला फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. आणि हा धडा सात फुटी पाहुण्यालाही माफ नव्हता.

धुळाक्षरे म्हणतात ती हीच. चेंडू हाती आला की एक पाय रोवून दुसऱ्याने फिरणे. चेंडू छातीच्या रेषेत सोबत्याकडे देणे. आणि प्रतिपक्षाला अडवताना गुडघे वाकवून उभे राहणे. ताठ उभा राहिलेला उंच गडी चुटकीसरशी चकतो. थट्टेतली ती म्हण या मैदानावर अक्षरशः खरी आहे: इथे अक्कल गुडघ्यातच लागते, आणि ती बुटक्यालाही शिकावी लागते.

खरे तर हे समजायला अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नव्हते. धाराशिव जिल्ह्याने देशाला जो खेळ खेळून दाखवला, तो खो-खो. त्याच्या खांबाची उंची जेमतेम चार फूट. आठ गडी एकाआड एक उलट्या दिशांना तोंड करून उकिडवे बसतात, म्हणजे पुन्हा गुडघेच! पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही; एकदा दिशा धरली की खांब गाठल्याशिवाय मागे फिरता येत नाही; खो द्यावयाचा तो पाठीमागून, हात लावून आणि स्पष्ट उच्चारून. या नियमांत उंचीला बढती देणारा एकही नियम नाही. खांबावर सूर मारताना लांब हात कामी येतो, नाही असे नाही. पण साखळीतून पळताना, हुलकावणी देताना, खांबाला हात घालून गर्रकन वळताना लांब देह सावरणे अवघडच. 

या धुळीत घडलेल्या मुलींची नावे आपल्याला ठाऊक असावीत. सारिका काळे तेव्हाच्या उस्मानाबादची. 2016 साली गुवाहाटीला झालेल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार होती. 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो बावीस वर्षांनी मिळत होता. तिला घडवणारे प्रशिक्षक चंद्रजित जाधव हेही इथलेच. पुढे जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असे हरवले. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

इथे धुळाक्षरवाल्यांनी टाळ्या पिटून वाद संपवावा, असा मोह होतो. पण सारिकाने अर्जुन पुरस्काराच्या वेळी सांगितलेली एक गोष्ट मला टाळी वाजवू देत नाही. घरच्या ओढगस्तीमुळे जवळजवळ दहा वर्षे आपल्याला दिवसातून एकदाच जेवण मिळे, असे तिने सांगितले होते.

उंची म्हणजे देवाची देणगी, आईबापांचा वारसा, असे आपण धरून चालतो. तो अर्धाच हिशोब आहे. 1914 ते 2014 या शंभर वर्षांत दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली. आज जगात सर्वांत उंच गणले जाणारे डच लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात ठेंगणे समजले जात. शंभर-दीडशे वर्षांत रक्त बदलत नाही. बदलते ते ताट, पाणी आणि औषधपाणी. उलट आपल्याकडे पाहा. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली 35 मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. 1972 चा दुष्काळ आमच्या आजी-आजोबांनी सोसला. 2012-13 आणि 2015-16 चा, आज कॉलेजात येणाऱ्या मुलांनी त्यांच्या वाढीच्या वयात. अमुक मुलगा पाऊस चुकल्यामुळेच बुटका राहिला, असे मी म्हणत नाही. परंतु आम्ही मुलांना रांगेत उभे करून टेप लावतो, तेव्हा त्या टेपावर मुलाबरोबर त्याच्या घरची कणगीही मोजली जाते. भरल्या घरचे मूल निवडले जाते, रित्या घरचे परत पाठवले जाते, आणि त्याला आपण ‘क्रीडागुणांची पारख’ असे नाव देतो.

म्हणून टेप कपाटात ठेवावा, हे माझे मत मी समितीत मांडले. आधी दोन महिने येईल त्या प्रत्येक मुलामुलीला धुळाक्षरे गिरवू द्यावीत. मग ज्याला जी जागा शोभेल ती द्यावी. उंच मुलगा कड्याखाली उभा करण्यात गैर काही नाही; मात्र त्यालाही मोजे घालण्यापासून सुरुवात करू द्यावी. शिकवणे एवढे एकच काम शिक्षकाच्या हातातले आहे. ते सोडून निसर्गाने तयार केलेले फळ तोडण्यात त्याची कर्तबगारी ती काय?

पण धुळाक्षरांचा जप करतानाही एक भीती वाटते. ‘पाहा, उपाशीपोटी खेळली आणि जिंकली!’ असे म्हणताना आपण मुलीऐवजी भुकेच्या गळ्यात पदक घालीत असतो. सारिका जिंकली ती भुकेमुळे नव्हे, भूक असूनही. तशा किती मुली मैदान सोडून गेल्या, त्यांची नावे कुठल्या पुरस्काराच्या यादीत येत नाहीत. तेव्हा सरावानंतर प्रत्येक मुलाच्या हातावर भिजवलेले हरभरे, गूळ-शेंगदाणे आणि एक केळे ठेवणे, हाही त्या धुळाक्षरांतलाच पहिला धडा समजावा. खर्च फार नाही. चषक ठेवावयाच्या काचेच्या कपाटापेक्षा खात्रीने कमी.

आपल्या घरोघरी दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा असतात. दिवाळीच्या रंगकामात त्या पुसल्या गेल्या असतील, तर फारसे वाईट वाटून घेऊ नये. शेजारच्याचा बंडू दोन बोटे वर गेला म्हणून आपल्या मुलीला दांडीला लोंबकळवू नये, की उंची वाढवणाऱ्या डब्यांच्या जाहिरातींना भुलू नये. तिला पोटभर जेवू घालावे आणि संध्याकाळी मैदानावर सोडावे. घरी आल्यावर मात्र ‘निवड झाली का?’ असे विचारण्याआधी ‘आज काय शिकलीस?’ असे विचारावे. आणि आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंची मुलगी त्याच मैदानावर येत असेल, तर फराळाच्या ताटातला एखादा शेंगदाण्याचा लाडू तिच्याही हातावर पडू द्यावा. तिची उंची कुणी मोजली नसली, तरी ती वाढत असतेच.