बरणी आणि लोणचें

घरोघरीं एखादी पेटी अशी असते, कीं तींतील वस्तु कोणी वापरीत नाहीं आणि कोणास टाकूंही देत नाहीं. आमच्या घरींही ती आहे. तींत काकांनीं परदेशांतून आणलेल्या कॅमेऱ्यावर घेतलेलीं सुपर-८ चीं रिळें आहेत. पन्नास फुटांच्या एका रिळांत अवघीं तीन मिनिटें आणि वीस सेकंद मावतात. त्यांखालीं व्हीएचएसच्या नऊ फिती आहेत. त्यांपैकीं एकींत १९९१ सालची धाकट्या वहिनींची मंगळागौर असून तींत आमची आजी गाणें म्हणत आहे. आजीचा आवाज दुसरीकडे कोठेंही उरलेला नाहीं.

गेल्या श्रावणांत या फिती संगणकावर उतरवून घेण्याचें आम्ही मनावर घेतलें. पहिल्याच पायरीस प्रश्न आला, कीं फाईल ठेवावयाची कोणत्या स्वरूपांत? पुतण्या म्हणाला, "काका, एमपीफोर घ्या. सगळीकडे चालतें." आम्हांस तें पटलें. फीत सुरू केली आणि चाळिसाव्या मिनिटास वीज गेली. फाईल जागेवर होती, पण उघडेना. आणि यंत्रांत अडकलेली फीत सोडवितांना चुरगळली ती निराळीच.

शहाणपण उशिरां सुचलें खरें. परंतु त्यानंतर जें समजून घेतलें तें वाचकांपुढें ठेवणें हें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

लोणचें निराळें आणि बरणी निराळी, हें आमच्या वाचक-भगिनींस सांगावयास नको. चित्र व ध्वनि ज्या रीतीनें दाबून लिहिलेले असतात ती रीत म्हणजे कोडेक, तें लोणचें. तीं दोन्हीं एकत्र सांभाळणारा कंटेनर ही बरणी. एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय हीं बरण्यांचीं नांवें आहेत. एका बरणींतून दुसरींत काढल्यानें लोणच्याची चव बदलत नाहीं. तसा नुसता कंटेनर बदलल्यानें चित्र बिघडत नाहीं. मात्र चित्र पुन्हा नव्यानें दाबलें, कीं बहुधा प्रत्येक खेपेस त्यांतील कांहीं तरी कायमचें जातें. दुकानदार "फाईल बदलून देतों" म्हणाला, तर दोहोंपैकीं तो काय करणार आहे, हें आधीं विचारावें.

आतां बरण्यांकडे वळूं. एव्हीआय ही १९९२ सालची. जुन्या फितींच्या चित्राचें खरें रुंदी-उंचीचें प्रमाण नोंदविण्याची सोय तींत धड नाहीं. म्हणून कित्येकदां घरचीं माणसें उगाच उभट दिसतात. एमपीफोर २००३ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें असून तें मोबाईल, दूरदर्शनसंच सर्वांस मानवतें; परंतु त्याची अनुक्रमणिका साधारणतः मुद्रण संपल्यावर लिहिली जाते. मध्येंच वीज गेली तर अनुक्रमणिकेवांचून तो ग्रंथ वाचतां येत नाहीं. आमची फसगत झाली ती येथेंच. एमकेव्ही, म्हणजे मात्रोस्का, ही २००२ सालची खुली बरणी; मुद्रण तुटलें तरी तोंपर्यंतचा भाग बहुधा हातीं लागतो. तिची रचना २०२४ सालीं इंटरनेटच्या प्रमाणसंस्थेनें प्रसिद्ध केली आहे. तींत एफएफव्ही-१ हा कोडेक घातला, तर चित्राचा एक कणही गळत नाहीं. मात्र तासाभराच्या फितीस सुमारें पंचवीस-तीस गिगाबाइट जागा लागते. उलट सेकंदास पांच मेगाबिटांच्या साध्या एमपीफोरला सव्वादोन गिगाबाइट पुरतात.

यावर घरांत दोन पक्ष झाले. दादांस मूळ शुद्ध हवें. मुलांस मोबाईलवर चाललें पाहिजे. निवाडा वहिनींनीं केला. त्या म्हणाल्या, "भावजी, वर्षाच्या लोणच्याच्या बरणींत रोज कोणी हात घालतें का? मोठी बरणी दादरा बांधून ठेवायची, आणि रोजच्यापुरतें लहान बरणींत काढायचें."

तसेंच केलें. एमकेव्हींत मूळ ठेव. तिच्यावरून काढलेली एमपीफोर नित्याच्या पाहण्यास. मूळ ठेवीच्या तीन प्रती केल्या; दोन घरीं निरनिराळ्या साधनांवर, तिसरी माहेरवाशिणीबरोबर नागपुरास. पेटींतील फितीही टाकल्या नाहींत.

आजीचें गाणें दुसऱ्या खेपेस उतरलें. पण एका कडव्याच्या मध्यें तिचा आवाज क्षणभर बुडतो. पहिल्या वेळीं तो बुडाला नव्हता. आम्ही तेव्हां समोर बसून ऐकला होता. तेवढा तुकडा आतां कोणत्याही बरणींत मिळणार नाहीं.

एक गोष्ट मात्र कोणतीही बरणी आपण होऊन सांभाळीत नाहीं. त्या मंगळागौरींतील सोळा बायकांपैकीं पांच जणींचीं नांवें घरांत कोणासच आठवेनात. म्हणून वाचकांस आमची विनंति आहे, कीं फाईलीचें स्वरूप सावकाश ठरवा; पण घरांतील वडील माणसांजवळ बसून नांवें मात्र आजच लिहून घ्या.